अँबेसिडरचे ब्रेक: एका सर्किटावरून दोन सर्किटांवर

गाडी: हिंदुस्तान अँबेसिडर मार्क टू, १९६८. इंजिन १४८९ सीसी, गिअर स्टिअरिंगवर.
जागा: लोकमान्य नगर, इंदूर. काकांच्या घरामागचं शेड.

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळी आटोपली, पाहुणे गेले, शेड मोकळं झालं. आजपासून ब्रेकचं काम हातात घेतलंय.

गाडी चालते छान. इंजिन दोन वर्षांपूर्वी उघडून झालंय, वायरिंग नवं आहे. ब्रेकला मात्र आजवर प्रत्येकाने तेवढ्यापुरतं बघितलं: रबरांचं किट बदललं, पाईपांतली हवा काढली, ऑइल भरलं, चला. पॅडल पहिल्या दाबात अर्ध्याच्याही खाली जातं आणि दुसऱ्या दाबात वर येतं. शहरात निभावतं. पण ही गाडी नुसती राजवाड्यापर्यंत न्यायची नाहीये. काकांना ती घेऊन ओंकारेश्वरला जायचंय, म्हणजे खंडवा रोड, म्हणजे भेरूघाट.

या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून शू घासतात, शूवर लायनिंगची पट्टी) आणि चौघांना मिळून एकच मास्टर सिलिंडर (पॅडल दाबलं की ऑइल ढकलणारा), त्याला एकच कप्पा. ब्रेकच्या ऑइलचा रस्ता, म्हणजे सर्किट, एकच. मागचा रबरी होस फुटला तर पुढच्या चाकांचे ब्रेकही त्याच क्षणी जातात, कारण दाब धरायला बंद जागाच उरत नाही. एक वॉशर, एक गंजलेला पाईप, एक फुगलेला होस, यांपैकी कशानेही गाडीचा सगळा ब्रेक जाऊ शकतो. मग हातात राहतो फक्त हँडब्रेक.

कॅडिलॅकने १९६२ च्या मॉडेलांवर दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर दिला. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना दुहेरी सर्किट सक्तीचं झालं. आमची गाडी त्याच १९६८ सालची. मूळची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री, त्याहून दहाबारा वर्षं जुन्या आराखड्याची, त्यामुळे तिच्यात ही सोय असण्याचा प्रश्नच नव्हता.

तर या कामाचा गाभा एवढाच: पुढच्या चाकांचं सर्किट वेगळं, मागच्या चाकांचं वेगळं. बाकी सगळी दुरुस्ती त्याच्या आधाराने.

१७ नोव्हेंबर

चारही चाकं काढली. गाडी जॅकवर ठेवून कुणी खाली जात नाही, हा काकांचा नियम. लोखंडी स्टँड लावले, मगच ड्रमला हात.

ड्रममधली काळी धूळ कंप्रेसरने उडवायची पद्धत इथे सर्रास आहे. ती करू नये. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतोच असं धरून चालावं. पाण्याचा हलका फवारा मारला, ओल्या फडक्याने पुसलं, फडकी पिशवीत बांधून टाकली. तोंडाला मास्क.

पुढच्या डाव्या चाकाचा वरचा व्हील सिलिंडर (चाकातला, शू ढकलणारा) उघडला, तो सविस्तर लिहितो. बाहेरचं रबरी बूट वरवर चांगलं दिसत होतं. ते मागे सारलं तर आत ओल होती. पिस्टन हाताने निघेना. लाकडी ठोकळ्यावर आपटल्यावर निघाला. त्याच्यामागून ऑइल आलं नाही, काळपट चिखल आला. बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) पुसून टॉर्च मारला तर पिस्टन नेहमी जिथे थांबतो त्याच्या जरा पुढे, खालच्या अंगाला, नखाला लागतील अशा खड्ड्यांची एक ओळ होती. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, ते पाणी सिलिंडरच्या तळाशी बसतं आणि तिथेच गंज धरतो. लायनिंग झिजून पिस्टन पुढे सरकायला लागला की रबर त्या खड्ड्यांवरून घासतं आणि फाटतं. म्हणून 'आत्ताच तर किट टाकलं होतं' म्हणणाऱ्यांचे सिलिंडर पुन्हा गळतात. किट चांगलंच असतं, बोअर खराब असतो.

होनिंग (बोअर आतून घासून गुळगुळीत करणं) करून पाहण्याइतके उथळ ते खड्डे नव्हते. पुढचे चार आणि मागचे दोन, सगळे व्हील सिलिंडर नवे घेणार.

२३ नोव्हेंबर

ड्रम खरादवर दिले. पुढचा उजवा ०.३ मिमी लंबगोल निघाला. ब्रेक दाबल्यावर पॅडल पायाखाली थरथरायचं ते यामुळे. एका अॅक्सलचे दोन्ही ड्रम एकाच मापाला टर्न करून घेतले. एकच केला असता तर गाडी ब्रेकला एका बाजूला ओढली असती.

१ डिसेंबर

आज हातकाम काही नाही, पण जो येतो तो विचारतो की पुढे डिस्क ब्रेक (फिरत्या चकतीला कॅलिपरने दोन्हीकडून चिमटणारे) का नाही टाकत, म्हणून त्याचा विचार लिहून ठेवतो.

डिस्क चांगलीच. तापली तरी हवेत उघडी असते, पाण्यातून गेल्यावर लवकर सुकते, तिचा फायदा सगळ्यांनी पाहिलाय. पण या गाडीला डिस्क म्हणजे नुसती चकती आणि कॅलिपर नव्हे. स्टब अॅक्सल बदला किंवा त्यावर ब्रॅकेट बसवा, रिममध्ये कॅलिपरला जागा आहे का बघा. ड्रममध्ये लीडिंग शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच ड्रमवर ओढला जातो आणि पावलाचा जोर वाढवतो. आपल्या पुढच्या चाकांत तर दोन्ही शू लीडिंग आहेत. डिस्कला ही आपोआपची मदत नाही, म्हणून पॅडल जड होतं आणि सर्वो (पावलाचा जोर वाढवणारं यंत्र) लागतो. सर्वो आला की मागचे ड्रम लवकर जाम होतात, मग मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागतो. शेवटी पुढची चाकं, सर्वो, व्हॉल्व्ह, सगळं बदलूनही मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा ठेवला, तर होस फुटल्यावर तीच गत. अशा गाड्या मी पाहिल्यात: पुढे चकचकीत डिस्क आणि मागे एकाच पाईपवर सगळा जीव.

दुसरं कारण नोंदणीचं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली दुचाकी-चारचाकी, मूळ स्वरूपात राखलेली, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसलेली, असेल तर व्हीए मालिकेचा क्रमांक मिळू शकतो. आमची त्यात बसते. ती बसलेलीच राहावी म्हणून मी नियम घालून घेतलाय: गाडीला एकही नवं भोक नाही, एकही वेल्डिंग नाही. जे बसवू ते मूळच्या बोल्टांवर, आणि वाटलं तर एका दिवसात जुनं परत लावता येईल असं.

व्हील सिलिंडर मूळ मापाचेच ठेवले की पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाणही मूळचंच राहतं. ते प्रमाण विचार करून ठरवलेलं आहे. त्याला विनाकारण हात लावायचा नाही.

८ डिसेंबर

मास्टर सिलिंडर निवडला. एका छोट्या हॅचबॅकचा टँडम (एकामागे एक दोन पिस्टनांचा, म्हणजे दोन कप्प्यांचा) सिलिंडर, नवा, सहज मिळणारा. पुढच्या दहा वर्षांत किट लागलं तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळालं पाहिजे, ही माझी पहिली अट होती.

बोअरचा हिशोब महत्त्वाचा. पाऊण इंच बोअरचं क्षेत्रफळ २८५ चौरस मिमी, सात अष्टमांश इंचाचं ३८८. म्हणजे लहान बोअर घेतला तर तेवढ्याच पावलाच्या जोराला ३६ टक्के जास्त दाब मिळतो. 'मग लहानच घे ना' असं कुणीही म्हणेल. पण दाब वाढला तेवढंच ढकललेलं ऑइल कमी होतं आणि पॅडल तेवढंच जास्त खाली जातं. पुढे प्रत्येक चाकाला दोन, असे चार व्हील सिलिंडर ऑइल पितात. लहान बोअर घेतला तर त्यांचं पोट भरायच्या आत पॅडल फ्लोअरला टेकेल. म्हणून जुना सिलिंडर व्हर्नियरने मोजला आणि त्याच बोअरचा टँडम घेतला.

एक बारीक गोष्ट. जुन्या मास्टरच्या तोंडाशी एक चेक व्हॉल्व्ह असतो, तो पॅडल सोडल्यावरही लाइनमध्ये थोडा दाब शिल्लक ठेवतो. ड्रमच्या व्हील सिलिंडरमधल्या रबराच्या कडा त्यामुळे बोअरला चिकटून राहतात, हवा आत येत नाही. पुढे डिस्क असणाऱ्या गाडीच्या मास्टरमध्ये पुढच्या बाजूला हा व्हॉल्व्ह नसतो. म्हणून दोन्ही लाइनींत १० पीएसआय (दाबाचं माप) दाब धरणारे वेगळे रेसिड्युअल व्हॉल्व्ह टाकतोय. डिस्कसाठीचे २ पीएसआयचे मिळतात, ते इथे उपयोगाचे नाहीत.

१५ डिसेंबर

या गाडीत मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फ्लोअरच्या खाली. ऑइल बघायचं तर गालिचा उचला, झाकण काढा. म्हणून वर्षानुवर्षं कुणी बघतच नाही. टँडम जुन्यापेक्षा लांब, त्यामुळे जुन्याच्या दोन बोल्टांवर बसेल असा ब्रॅकेट करून घेतला. पोलोग्राउंडला फॅब्रिकेटरकडे ६ मिमी प्लेट कापून घेतली. पहिल्यांदा साधी एल आकाराची होती. ती व्हाइसमध्ये धरून पहारीने रेटली तर नजरेला दिसेल इतकी लवत होती. ब्रॅकेट लवला की पॅडल स्पंजासारखं लागतं आणि माणूस जन्मभर हवा काढत बसतो. कोपऱ्यात तिरकी पट्टी मारून घेतली; आता हलत नाही.

ऑइलची टाकी इंजिनशेजारी फायरवॉलवर, आधीपासूनच्या भोकांवर. तिथून दोन होस खाली सिलिंडरपर्यंत, सतत उताराने. मध्ये कमान आली तर तिच्यात हवा बसते. होस ब्रेक ऑइलला चालणाराच हवा, पेट्रोलचा पाईप यात फुगून मऊ पडतो. टाकीच्या झाकणात लेव्हलचा स्विच आहे.

पुशरॉड, म्हणजे पॅडलचा जोर पिस्टनला देणारा दांडा. याबद्दल दोन ओळी जास्त लिहितो, कारण जीव यात आहे. पॅडल मोकळं असताना रॉड आणि पिस्टन यांच्यात सुमारे १ मिमी फट हवी. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि टाकीकडे जाणारं बारीक भोक झाकलेलंच राहतं. ऑइल तापून फुगतं, त्याला परत जायला वाट नसते, शू ड्रमवर टेकतात, आणखी तापतात, आणखी दाबले जातात. चार-पाच किलोमीटरवर गाडी आपोआप जाम होते. लोक मग व्हील सिलिंडरला दोष देतात.

२१ डिसेंबर

पाईप. जुने स्टीलचे पाईप मागच्या अॅक्सलवर इतके गंजलेत की बोटाने खपली निघते. तांबं-निकेलचे नवे घेतले, ३/१६ इंच. हे गंजत नाहीत आणि हाताने वळतात. फ्रिजवाल्यांचा नुसता तांब्याचा पाईप स्वस्त मिळतो, पण हादऱ्यांनी तो कडक होत जातो आणि चिरतो. ब्रेकमध्ये तो चालत नाही.

खरा धोका आट्यांचा आहे. गाडीचे जुने नट ३/८ इंच, इंचाला २४ आट्यांचे. नव्या मास्टरची भोकं एम१० (१० मिमी), पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी. ३/८ इंच म्हणजे ९.५२५ मिमी, आणि २४ आट्यांचा पिच १.०५८ मिमी. फरक इतका थोडा की जुना नट नव्या भोकात सुरळीत जातो, स्पॅनरला घट्टही लागतो. पण तो निम्म्याच आट्यांवर धरलेला असतो. गॅरेजच्या दारात काही होत नाही. घाटात जीव तोडून पॅडल दाबलं की सुटतो. आमचे मिस्त्री म्हणाले, "भिया, हाथ से तो बैठ रिया है।" बसतोच तो, म्हणूनच घातक. मी दोन्ही नट एकेका पिच गेजवर लावून त्यांना दाखवले. त्यांनी ते बराच वेळ उजेडात धरून पाहिले आणि मग दुकानातला सुट्या नटांचा डबा मापानुसार वेगळा करायला घेतला.

मास्टरकडच्या टोकाला एम१०, चाकाकडच्या टोकाला ३/८. दोन्ही प्रकारचे नट एकाच पाईपवर, अॅडॉप्टर शक्य तितके टाळून. फ्लेअरचंही (पाईपच्या फुलवलेल्या टोकाचं) तसंच: भोकातली सीट बघून टोक डबल फ्लेअर करायचं की बबल, हे प्रत्येक जोडाला ठरवलं. फ्लेअर मारायच्या आधी नट पाईपवर सरकवलाय का हे दर वेळी मोठ्याने विचारायचं, अशी आमची शेडमधली पद्धत झाली.

जुन्या लाइनचा तो टी-जोड, जिथून पुढे-मागे ऑइल वाटलं जायचं, तो आज काढला. आता पुढची लाइन आणि मागची लाइन कुठेही भेटत नाहीत.

२९ डिसेंबर

शूंना नवी लायनिंग, रिव्हेटवाली. ड्रमला खडू लावून शू आतून फिरवला. खडू फक्त मध्यावर उठला तर दोन्ही टोकं टेकत नाहीत असा अर्थ. घासून घासून बहुतेक सगळ्या पृष्ठावर खडू येईपर्यंत केलं. वेळखाऊ आहे, पण नवे ड्रम ब्रेक पहिल्या दिवसापासून लागतात ते यामुळे. तीनही रबरी होस नवे. जुने बाहेरून धडधाकट होते; एक कापून पाहिला तर आतली वाट निम्मी बंद.

५ जानेवारी २०२५

सगळं जोडलं. मास्टर बाकावरच आधी भरून त्यातली हवा काढली, मग बसवला. रबराला फक्त ब्रेक ऑइल किंवा रबर ग्रीस; पेट्रोल, डिझेल, साधं ग्रीस यांचा थेंबही नाही.

ऑइल डॉट ४. नवं असताना २३० अंशांना उकळतं, पाणी पिऊन जुनं झालं की १५५ ला. डॉट ३ चे तेच आकडे २०५ आणि १४०. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात दुसरा आकडाच धरून चालावं.

शू अॅडजस्ट केले: चाक जाम होईपर्यंत आवळायचं, मग ते जेमतेम मोकळं फिरेपर्यंत सोडायचं. हे आधी, हवा काढणं नंतर. मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात, कारण मास्टरपासून ते सगळ्यात लांब. निपलला (चाकाजवळच्या हवा काढायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी, नळीचं टोक बरणीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. काका पॅडलवर.

"काका, दाबा."
"दाबलं."
"धरून ठेवा. सोडू नका."
"धरलंय रे. तू बघ."

नळीतून आधी फेसाळ, मग मोत्यांसारखे सुटे बुडबुडे, मग सलग पिवळसर धार. निपल बंद. "सोडा, हळू." टाकीवर माझं लक्ष, ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. ऑइल रंगावर पडलं तर रंग उचलतं, म्हणून मडगार्डवर ओली चादर.

संध्याकाळी काकांनी पॅडल एकदाच दाबलं आणि ते तिथेच थांबलं, वरच. "अरे, हे आता दगडासारखं का लागतंय?" मी म्हटलं, "काका, ते असंच असायला हवं होतं."

११ जानेवारी

पॅडल दाबून लाकडी पट्टीने सीटला अडकवून ठेवलं होतं. प्रत्येक जोडाखाली पांढरा कागद. मागच्या दोन चाकांना ऑइल वाटणाऱ्या टी-जोडाशी कागद ओला. तो पाईप काढून नवीन फ्लेअर. आता कोरडं.

१९ जानेवारी

दशहरा मैदान, सकाळी लवकर, क्रिकेटवाली पोरं यायच्या आत. ताशी ४० किलोमीटर, वेग मोबाइलच्या जीपीएसवर, जमिनीवर चुन्याची रेघ. काम सुरू करण्याआधी इथेच मोजलं होतं तेव्हा गाडी १६ मीटरवर थांबली होती, तेही डावीकडे ओढत. आता ११ मीटर, सरळ. हात स्टिअरिंगवरून किंचित उचलले तरी सरळ.

मग ज्यासाठी हे सगळं केलं ती परीक्षा. मागचं निपल मुद्दाम उघडं ठेवलं, म्हणजे मागचा होस फुटल्यासारखंच. खाली तसराळं. ताशी वीसच्या वेगाने पॅडल दाबलं. ते नेहमीच्या जागेच्या खाली गेलं, कारण मागच्या कप्प्याची धाव आता वाया जाते आणि एक पिस्टन दुसऱ्याला थेट जाऊन टेकतो. आणि तिथे ते पकडलं. गाडी लांब जाऊन पण ठामपणे थांबली, नुसत्या पुढच्या चाकांवर. डॅशबोर्डवरचा लाल दिवा थोड्या वेळाने लागला, टाकीची पातळी उतरल्यावर.

मग मागचं बंद करून पुढचं उघडलं. मागच्या दोन चाकांवर गाडी बरीच दूर जाते, पण थांबते. काकांनाही दोन्ही वेळा चालवायला दिली. फुटलेल्या सर्किटाचं पॅडल पायाला कसं लागतं हे आधी माहीत असलं तर खरी वेळ आली तेव्हा माणूस पाय उचलत नाही, दाबत राहतो. हे प्रत्येक चालवणाऱ्याने एकदा तरी अनुभवून ठेवावं.

नंतर सगळी हवा पुन्हा काढली.

२ फेब्रुवारी

भेरूघाट. सिमरोलपर्यंत रस्त्यावर कामं सुरू, धूळ, डंपर. ए.बी. रोडवरच्या गणपती घाटात ब्रेक जाऊन ट्रक आदळल्याच्या बातम्या इंदूरकरांनी वर्षानुवर्षं वाचल्यात, त्यामुळे उतार दिसला की गाडीत बोलणं आपोआप थांबतं.

हिशोब करून गेलो होतो. माणसांसकट १२०० किलोची गाडी १०० मीटर खाली उतरली की सुमारे १२ लाख ज्यूल ऊर्जा कुठे तरी जावी लागते. साडेतीन लिटर पाणी उकळीला आणायला पुरेल इतकी. ती सगळी ब्रेकने घेतली तर ड्रम तापून पसरतात, शूपासून लांब जातात, लायनिंगची पकड उतरते. म्हणून घाट ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचा: दुसरा. ब्रेक सतत टेकवून ठेवायचा नाही. वेग वाढला की ठाम दाबायचा, उतरला की पूर्ण सोडायचा.

चोरलला थांबून इन्फ्रारेड थर्मामीटर लावला. पुढचा डावा १३८ अंश, उजवा १४४, मागचे नव्वदीच्या आसपास. डाव्या-उजव्यात सहा अंशांचा फरक म्हणजे दोन्ही बाजू जवळपास सारखं काम करतायत. पॅडलची उंची सकाळी होती तीच. पुढे मोरटक्क्याच्या पुलावरून ओंकारेश्वर. काका परतीला चालवत आले.

१६ फेब्रुवारी

नवी लायनिंग बसल्यावर शू पुन्हा एकदा अॅडजस्ट केले. पॅडल जरा खाली गेलं होतं ते वर आलं. सगळे नट तपासले, कोरडे. टाकीवर ऑइल भरल्याची तारीख रंगाने लिहिली: जानेवारी २०२५. दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालो न चालो.

जुना मास्टर, टी-जोड आणि त्यांचे बोल्ट ग्रीस लावून एका डब्यात, डब्यावर नाव.

मागच्या उजव्या ड्रमच्या आतल्या कडेला थोडी ओल दिसली. वास घेतला, ब्रेक ऑइल नाही, अॅक्सलचं गिअर ऑइल आहे. सील गेलंय. लायनिंगपर्यंत पोचायच्या आत पुढच्या रविवारी ते चाक उघडून सील बदलायचं.